पांढरा पट्टा

१२ ऑक्टोबर, रविवार

चौथा टप्पा मला मिळाला. केस कापता कापता ओनिशीकाकांनी सांगितले आणि मी एकदम मान वळवली, त्यामुळे कानामागे वस्तरा लागला. रक्त थोडेच आले.

"हलू नकोस रे! फेब्रुवारीपर्यंत जिवंत राहायचंय तुला," काका म्हणाले. ते गावचे न्हावी आणि आमच्या एकिदेन संघाचे, म्हणजे टप्प्याटप्प्याने पट्टा पुढे देत धावायच्या शर्यतीच्या संघाचे, कप्तान. गेली अनेक वर्षे आमच्या कुरोहामा गावाचा निळा कापडी पट्टा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जात शेवटच्या रेषेपर्यंत पोचला आहे. नंबर कधीच आलेला नाही, पण पट्टा तुटलेला नाही. काका गिऱ्हाइकांना हे दाढी करताना सांगतात, म्हणजे कोणाला मध्ये बोलता येत नाही.

चौथा टप्पा शेवटचा आणि सर्वांत लांब. आतापर्यंत तो शाळेतले यानासेसर धावत. यंदा त्यांचा गुडघा कुरकुरतो आहे, म्हणून ते दुसरा धावतील. तिसरा टप्पा बायकांचा आणि सर्वांत छोटा. तो मिझुए धावणार. म्हणजे पट्टा मला मिझुएच्या हातून मिळणार.

आजपासून दैनंदिनी लिहायचे ठरवले आहे. ज्या दिवशी काही घडणार नाही तो दिवस सोडून देईन. मी हायस्कूल दुसऱ्याच वर्षी सोडले, पण शुद्धलेखनात चूक करत नाही. शब्द अडला की कोश काढतो.

३ नोव्हेंबर, सोमवार

आमच्या माशांच्या कारखान्याला सुटी. दिवसभर बसून संपूर्ण संघाचे वेळापत्रक केले. काकांनी ते आरशाला चिकटवले आणि म्हणाले, "छान. आता मला केस कापायला आरसा दिसत नाही."

मिझुएचे वेळापत्रक वेगळ्या कागदावर केले, कारण तिची मूळ धाव चांगली आहे पण चढावर दम पुरत नाही. ती मच्छीमार संस्थेच्या कचेरीत असते. तिथेच नेऊन दिले.

"सोमवारी दीपगृहाचा चढ. मंगळवारी चढ. बुधवारी चढ दोनदा," ती वाचत गेली. "शिगे, यात सुटीचा दिवस कुठाय?"

"रविवारी चढ नाही."

"मग काय आहे?"

"लांबचं पळणं."

"आणि मी झोपायचं कधी?"

"ते खाली लिहिलंय. साडेनऊला."

ती इतकी हसली की मागच्या टेबलावरच्या बाईंनी चष्मा काढून बघितले. मग तिने कागदाची चौघडी करून अंगातल्या जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवली. "बरं, मास्तर," म्हणाली. आम्ही पहिलीपासून एका वर्गात होतो. तेव्हाही ती मला मास्तरच म्हणायची, कारण मी पेन्सिली उंचीप्रमाणे लावत असे.

१६ नोव्हेंबर, रविवार

शहरातल्या अर्ध्या मॅरेथॉनमध्ये मी आतापर्यंतची माझी सर्वांत चांगली वेळ दिली. शेवटच्या पुलावर पाय माझे नसल्यासारखे हलके झाले होते. असे आयुष्यात पहिल्यांदाच झाले. मला वाटले, आपणही काहीतरी आहोत. हे वाक्य खोडावेसे वाटते, पण खोडत नाही.

मिझुए बघायला आली होती. तिने रस्त्याच्या कडेने ओरडून घसा बसवून घेतला आणि परतीच्या बसमध्ये भाताचे मुटके काढले. आत आंबट आलुबुखार होता. तीन माझ्यासाठी, एक तिच्यासाठी.

बोगदा ओलांडल्यावर ती म्हणाली, "ओकायामाच्या मावशीनं बोलावलंय. तिच्या ओळखीच्या दवाखान्यात नोकरी आहे. आईची कंबरही तिथं दाखवता येईल. आम्ही दोघींनी यावं म्हणते."

"कधी?"

"मार्चमध्ये. जाऊ का?"

मी विचार केला. मला अजिबात नको होते. पण कारखान्यात माशांच्या लगद्याच्या नळ्या भाजणारा, शाळा सोडलेला माणूस कोणाला 'जाऊ नको' कोणत्या तोंडाने म्हणणार? आधी काहीतरी करून दाखवले पाहिजे. शिवाय तिचे मन शर्यतीतून उडायला नको.

म्हणून म्हणालो, "मार्च म्हणजे शर्यत झाल्यावर. मग अडचण नाही."

ती खिडकीकडे वळली. समुद्र फार खवळलेला होता. तीही बहुधा तेच बघत होती.

२९ नोव्हेंबर, शनिवार

पोट बिघडले. दीपगृहाच्या चढावर तीनदा झुडपांत जावे लागले. दर शर्यतीआधी काळजीने असे होते. या वेळी दोन महिने आधीच सुरू झाले. पुलावरचे ते पाय कोणाचे होते कोण जाणे.

काका म्हणाले, "गावाला दुसरा धावणारा मिळेल, पण झुडपांना एवढं खत कोण घालणार?" सगळे हसले. मिझुए हसली नाही. संध्याकाळी तिने पातळ पेज आणून दारात ठेवली होती. आई म्हणाली, "तिला आत बोलवायचंस ना." मी म्हणालो, ती घाईत असेल. आई भांडी घासत राहिली, जरा जोरात.

१४ डिसेंबर, रविवार

आज पट्टा देण्याघेण्याचा सराव केला. देणाऱ्याने शेवटच्या वळणावर पट्टा अंगातून काढायचा, दोन्ही हातांनी ताणून पुढे धरायचा. घेणाऱ्याने रेषेवर उभे राहून, हात वर करून, येणाऱ्याचे नाव मोठ्याने घ्यायचे.

"गावाचं नाव नाही, माणसाचं," काकांनी बजावले. "शेवटच्या शंभर मीटरांत पायांत काही उरलेलं नसतं. माणूस आपल्या नावावर पळतो."

माझ्या मते त्यात दम वाया जातो. शिवाय सगळ्यांसमोर मिझुएचे नाव ओरडायचे म्हणजे माझ्या कानशिलांपर्यंत रक्त चढते. मी फक्त हात वर केला.

"नाव घेतलंस म्हणून मी विरघळणार नाही रे," ती धापा टाकत म्हणाली.

"शर्यतीच्या दिवशी घेईन."

"लिहून ठेव हं. तुझं लिहिलेलं सगळं खरं असतं."

म्हणून लिहून ठेवले आहे.

नोंद: मिझुए उतारावर डावा पाय बाहेर फेकते. पाऊल लहान टाकायला सांगितले. तिच्या अंगाला हल्ली दुखण्यावर लावायच्या पट्ट्यांचा वास येतो. तिची आई कंबरेला लावते, घरभर पसरत असेल.

२३ डिसेंबर, मंगळवार

काकांनी मला दुकानात थांबवून घेतले. "पोरीला एखादा दिवस सोड रे."

मी म्हणालो, "आता सोडलं तर केलेलं सगळं वाया जातं. आणि ती स्वतः काहीच म्हणाली नाही."

"तेच म्हणतोय मी. ती म्हणणार नाही."

"मग कशाला सोडायचं?"

काकांनी माझ्याकडे आरशातून बघितले, म्हणजे वेळापत्रकाच्या कडेने जेवढे दिसते तेवढे. "तुझ्या डोक्याचे केस मी लहानपणापासून कापतोय," म्हणाले. "आत काय आहे ते मात्र अजून कळलं नाही."

१ जानेवारी, गुरुवार

पहाटे सगळा संघ टेकडीवरच्या देवळात. पुजाऱ्यांनी पट्ट्यावर साके, म्हणजे तांदळाची दारू, शिंपडली. सूर्य ढगांतून जरा उशिरानेच आला. मिझुए हात जोडून इतका वेळ उभी राहिली की मागची रांग खोकू लागली.

"काय मागितलंस?" मी विचारले.

"पाय."

"पाय?"

"दोन. चांगले. एक महिना पुरतील असे." मग म्हणाली, "तू?"

"अनुकूल वारा."

"अजून काही?"

अजून एक मागितले होते. पण ते सांगितले तर फळत नाही म्हणतात, म्हणून "नाही" म्हणालो.

पायऱ्या उतरताना ती कठड्याला धरून आडवी आडवी उतरत होती. बर्फ होते. सगळेच जपून उतरत होते.

११ जानेवारी, रविवार

वाईट दिवस. बर्फावरून घसरलो आणि घोटा मुरगळला. सूज आली आहे. तीन आठवडे उरलेत आणि मला कारखान्यात एका पायावर उभे राहून नळ्या फिरवाव्या लागतात.

त्यात मिझुएची वेळ आणखी घसरली. मी चढाखाली दगडावर घोट्याला बर्फ लावून बसलो होतो. ती खाली आली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेले, "तू मनापासून पळतच नाहीस."

तिचे ओठ पांढरे पडले होते. वारा फार होता. मग वळली आणि पुन्हा चढ चढू लागली, एकटी. मी खालून बघत होतो. दीपगृहाला हात लावून परत आली तेव्हा तिच्या पापण्यांवर पाणी होते.

"झालं मनापासून?" म्हणाली.

माझे म्हणणे तिला पटले असावे. तरी घरी आल्यापासून जेवण जात नाही.

३१ जानेवारी, शनिवार

घोटा बरा आहे. काकांच्या दुकानात नंबर वाटले. मिझुएने आपला नंबर छातीवर लावून बघितला, आणि निघताना मला दारात थांबवले.

"मावशीला अजून उत्तर दिलेलं नाही," म्हणाली. "उद्या पट्टा तुझ्या हातात दिला की ठरवणार."

"बरोबर. डोक्यात एका वेळी एकच गोष्ट असावी."

"शिगे..."

"काय?"

"काही नाही. नाव घेणार आहेस ना?"

"घेणार म्हटलंय ना."

मीही ठरवले आहे. पट्टा घेताना बोलता येणार नाही, पण शर्यत संपल्यावर तोच पट्टा अंगात असताना तिच्याकडे जायचे आणि सांगायचे, 'ओकायामाला जाऊ नकोस. माझ्याकडे राहा.' पट्टा तिच्याकडून घेऊन मी तो चांगला पळवला असेल तर मला हे म्हणायचा थोडा तरी हक्क असेल. शब्द पाठ केले आहेत.

१ फेब्रुवारी, रविवार

जसे घडले तसे लिहितो.

समोरून वारा होता. पहिल्या टप्प्यात आम्ही मागे पडलो, यानासेसरांनी थोडे भरून काढले. मी मासळी बाजाराच्या आवारात रेषेजवळ उभा होतो. शहरांचे संघ केव्हाच निघून गेले होते. नियम असा आहे की पहिला संघ गेल्यावर ठरलेल्या वेळात ज्यांचा धावणारा पोचत नाही, त्यांच्या पुढच्या धावणाऱ्यांना एकदम सोडतात, कारण रस्ता पुन्हा गाड्यांना मोकळा करून द्यायचा असतो. त्यांना गावाचा पट्टा मिळत नाही. आयोजकांचा पांढरा पट्टा घालायचा. एका पंचाने येऊन तो माझ्या हातात ठेवला. कोरा होता, नव्या कापडाचा वास येत होता.

आम्ही सात जण पांढरे पट्टे घालून रांगेत उभे राहिलो. शेजारी पलीकडच्या गावचे एक वयस्क गृहस्थ होते. ते सारखे मागे बघत होते आणि "ये रे, ये रे बाबा" म्हणत होते.

तेवढ्यात आवारामागच्या बोगद्यातून मिझुए बाहेर आली.

निळा पट्टा तिने आधीच काढून दोन्ही हातांनी ताणून धरला होता. पाय मात्र नीट पडत नव्हता. डावा पाय टेकला की ती अख्खी खाली जायची आणि पुन्हा वर यायची. लोक तिचे नाव ओरडत होते. मी हात वर केला. नाव घ्यायला तोंड उघडले, आणि पंच म्हणाला, "तयार!" मी तोंड मिटले. समोर बघितले. सुरुवातीला मान सरळ ठेवायची, दम राखायचा, मागे बघायचे नाही. हे मीच सगळ्यांना शिकवले आहे.

गोळी सुटली. मी निघालो.

मी फार चांगला पळालो. अकरा जणांना मागे टाकले. पाय पुन्हा त्या पुलावरच्यासारखे झाले होते. या टप्प्यावर गावातला कोणीही इतका वेगाने पळालेला नाही, असे यानासेसर म्हणाले.

काका म्हणाले, "वेळ उत्तम आहे. घरी जा आता."

मी मिझुएला शोधत होतो. तिला गाडीतून दवाखान्यात नेले होते. माझ्या अंगात पांढरा पट्टा होता. पंचाने तो परत मागून घेतला.

आई बाजाराच्या आवारात बघायला उभी होती. तिने घरी आल्यावर सांगितले. "ती पोचली तेव्हा तू त्या वळणावर होतास, दिसत होतास अजून. रेषेवर उभी राहिली. हात तसेच पुढे. घ्यायला कोणी नाही. पंच म्हणाला, बाजूला व्हा, तरी हात खाली घेईना पोरगी."

"गोळी सुटल्यावर थांबलं तर संघ बाद होतो, आई."

"थांब कोण म्हणतंय? एकदा बघायचंस."

२ फेब्रुवारी, सोमवार

नडगीच्या हाडाला चीर आहे. जुनी होती, निदान महिन्याभराची, काल ती वाढली. कारखान्यातून लवकर निघून दवाखान्यात गेलो, पण ती झोपली होती. तिची आई बाकावर कंबरेमागे उशी घेऊन बसली होती.

"रोज पाय धरून उठायची," त्या म्हणाल्या. "पट्ट्यांवर पट्ट्या लावायची. मी म्हणे, आज नको जाऊस. तर म्हणे, त्यानं लिहून दिलंय."

मी वाकून नमस्कार केला आणि वाकलेलाच राहिलो, शेवटी त्यांनीच म्हटले, "ऊठ बाबा."

गावाच्या पट्ट्याबद्दल तिला इतके वाटत असेल, अशी मला कल्पना नव्हती.

८ फेब्रुवारी, रविवार

संत्री घेऊन गेलो. पाय प्लास्टरमध्ये. मी आधी माफी मागितली. वेळापत्रकाची, चढाची, त्या दिवशी बोललो त्याची. क्रमाने सांगितले म्हणजे काही राहायला नको.

"तुझं चुकलं नाही. मी सांगितलं नाही ना," ती म्हणाली.

"का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू तिसऱ्या टप्प्यावर दुसरीला घातलं असतंस. हो की नाही?"

"हो. साहजिक आहे."

"म्हणून."

ती संत्रे सोलत राहिली. साल एकसंध निघाली. मग म्हणाली, "मावशीला परवा कळवलं. येतोय म्हणून."

पाठ केलेले शब्द माझ्या तोंडात होते. पण पट्टा माझ्यापर्यंत पोचला नव्हता, आणि तिच्या पायाचे मी असे करून ठेवले होते. आता कोणत्या हक्काने म्हणणार? मी म्हणालो, "बरं झालं. तिकडे हाडांचे चांगले डॉक्टर असतील."

ती हसू लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आले. "असतील की, मास्तर," म्हणाली आणि अर्धे संत्रे माझ्या हातात ठेवले. पाय फार दुखत असावा.

घरी येताना बाजाराच्या आवारातून यायचे टाळले. लांबून आलो.

२२ मार्च, रविवार

सकाळच्या गाडीने मायलेकी गेल्या. एकाच डब्याची गाडी. मी सामान चढवून दिले. कुबड्या कुठे ठेवायच्या ते दाखवले. गाडी कुठे बदलायची, तिथे लिफ्ट कोणत्या बाजूला आहे, तेही सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले.

"अजून काही?" ती म्हणाली. देवळात विचारले होते तसेच.

"जपून जा."

दार लागले. ती काचेतून बघत होती. मी हात वर केला.

आज पळालो नाही. काल आणि परवाही नाही. एवढ्या दिवसांची नोंद कशी करायची ते कळत नाही.

२९ मार्च, रविवार

केस वाढले म्हणून काकांकडे गेलो. आरशावर आता वेळापत्रक नाही. केस कापून झाल्यावर त्यांनी खणातून निळा पट्टा काढला.

"पट्टा जो शेवटी वाहतो त्यानं धुऊन कप्तानाकडे द्यायचा, ही आपली रीत," ते म्हणाले. "मिझुएनं आणून दिला, पण धुतला नव्हता. मी म्हटलं, बये, हे काय? तर म्हणाली, माझं अजून देणं झालेलं नाही. शिगेला द्या."

कापड मिठाने ताठ झाले होते. जिथे तिने दोन्ही हातांनी धरले होते तिथे मुठींच्या घड्या तशाच होत्या.

"काका, ती गावासाठीच पळत होती ना?"

काकांनी माझ्या मानेवरचे केस झटकले. बराच वेळ झटकत राहिले. "गावाला तिनं कधी विचारलं होतं, जाऊ का म्हणून?" एवढेच म्हणाले. पैसे घेतले नाहीत.

तिथून मासळी बाजाराच्या आवारात गेलो. रेषेचा पांढरा रंग अजून पुसलेला नाही. त्या दिवशी उभा होतो त्याच जागी उभा राहिलो, पण तोंड बोगद्याकडे करून. बस, जाऊ का, आंबट मुटके, पाय, दोन, चांगले, नाव घेणार आहेस ना, सगळे त्या बोगद्यातून एकामागून एक येत राहिले, आणि मी ते पहिल्यांदा बघत होतो.

मग हात वर केला आणि तिचे नाव घेतले. पहिल्यांदा आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा इतका मोठा आला की बोगद्याने तो परत पाठवला.

जाळी सांधत बसलेल्या एका म्हाताऱ्याने मान वर केली. "कोण यायचंय रे?"

"कोणी नाही, आजोबा. येऊन गेली."

"मग ओरडतोस कशाला?"

निळा पट्टा डोक्यातून घालून खांद्यावर घेतला, मोकळे टोक कमरेला खोचले आणि तिथेच उभा राहिलो. पुढे माझा टप्पा होता, सर्वांत लांब. पाय निघाले नाहीत.

पट्टा धुणार नाही. उद्या विश्रांती.